येणारा प्रत्येक जण सहभागी : कॉमिक मार्केटची पन्नास वर्षे

२१ डिसेंबर १९७५ रोजी टोकियोच्या तोरानोमोन भागातल्या अग्निशमन भवनात, बैठकीच्या दालनात, चित्रकथाप्रेमींचा एक छोटा मेळावा भरला. स्वतः रचलेल्या आणि स्वतःच्या खर्चाने छापलेल्या पुस्तिका घेऊन ३२ मंडळे आली होती आणि दिवसभरात सुमारे ७०० माणसे येऊन गेली. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये याच मेळाव्याची ९७वी खेप टोकियो बिग साइट या प्रदर्शन-संकुलात भरली, तेव्हा चार दिवसांची मिळून हजेरी सुमारे साडेसात लाख होती. कॉमिक मार्केट, ज्याला सगळे कॉमिकेट म्हणतात, त्याचा इतिहास बहुतेक वेळा या दोन आकड्यांमधल्या वाढीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. डिसेंबर २०२५ मध्ये संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण झाली, त्या निमित्ताने हा इतिहास निराळ्या अंगाने मांडायला हवा. नुसती गर्दी कोणत्याही बाजारात जमते. विज्ञानकथा, मांगा (जपानी चित्रकथा) आणि ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) यांच्या चाहत्यांची संमेलने जगभर भरतात. त्यांतली बरीचशी काही वर्षांनी मूठभर जुन्या मित्रांची बैठक होऊन राहतात, नाहीतर कंपन्यांच्या हाती जाऊन तिकिटाचा कार्यक्रम होतात. कॉमिकेटने हे दोन्ही टाळले. त्याचे कारण संस्थेने पहिल्या दिवसापासून धरलेल्या एका तत्त्वात आहे: इथे येणारा कोणीही गिऱ्हाईक नाही, प्रत्येक जण सारखाच सहभागी आहे, आणि कायदा व किमान नियम पाळणाऱ्या कोणालाही दार बंद करायचे नाही. संस्थेचे बरेवाईट सगळे निर्णय या तत्त्वाच्या कसोटीवर उलगडतात, असे या लेखाचे म्हणणे आहे.

आधीची परंपरा

कॉमिकेट शून्यातून उभे राहिले नाही. विज्ञानकथांच्या वाचकांनी ठरवून एकत्र जमण्याची प्रथा जानेवारी १९३७ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स शहरात सुरू झाली, असे सामान्यतः मानले जाते. त्या बैठकीला जेमतेम वीसेक माणसे होती आणि त्यांत तरुण आर्थर सी. क्लार्क होते. जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले. सुमारे २०० चाहते जमलेल्या त्या संमेलनाची दुसरीही एक आठवण इतिहासात नोंदली गेली आहे. आयोजकांशी पटत नसलेल्या गटातल्या सहा जणांना दारातूनच परत पाठवण्यात आले. त्यांत फ्रेडरिक पोल, डोनाल्ड वोल्हाइम आणि सिरिल कॉर्नब्लुथ होते. तिघेही पुढे या साहित्यप्रकारातले महत्त्वाचे लेखक-संपादक झाले. चाहत्यांनी चाहत्यांसाठी भरवलेल्या पहिल्याच मोठ्या संमेलनात चाहत्यांनीच चाहत्यांना बाहेर ठेवले, ही गोष्ट क्षुल्लक नाही. प्रेमापोटी उभ्या राहिलेल्या संस्थेत हे प्रेम खरे कोणाचे, हे ठरवण्याचा अधिकार हळूहळू मूठभरांकडे जातो, आणि मग मतभेद हाच दार बंद करण्याचा आधार होतो. जपानमध्ये १९५७ साली शिबानो ताकुमी यांनी ‘उचूजिन’ हे विज्ञानकथांचे हौशी नियतकालिक सुरू केले. १९६२ मध्ये टोकियोत पहिले जपानी विज्ञानकथा संमेलन भरले आणि त्याच धर्तीवर १९७२ पासून मांगाच्या चाहत्यांचे ‘निहोन मांगा ताइकाइ’ हे संमेलन भरू लागले. पाहुणे, भाषणे, चर्चा आणि शेजारी हौशी पुस्तिकांची विक्री, असे त्याचे स्वरूप होते.

जपानमधल्या या हौशी पुस्तिकांना दोजिन्शी म्हणतात. समविचारी मंडळींनी एकत्र येऊन आपल्या खर्चाने अंक काढायचा, ही जपानी साहित्यातली मेइजी काळापासूनची रीत आहे. मराठी वाचकाला साठच्या दशकातली अनियतकालिके आठवली, तर त्यामागची प्रेरणा चटकन समजेल. प्रस्थापित मासिकांच्या दारात ताटकळण्यापेक्षा सायक्लोस्टाइलची चार पाने स्वतः काढावीत, हीच ती वृत्ती. मांगाच्या क्षेत्रात या वृत्तीला मांगाकार तेझुका ओसामु यांच्या संस्थेने १९६७ मध्ये काढलेल्या ‘कॉम’ या मासिकाने बळ दिले. त्यात वाचकांच्या हौशी मंडळांसाठी वेगळे सदर होते आणि त्या सदरामुळे गावोगावचे नवखे चित्रकार एकमेकांना ओळखू लागले. १९७१च्या अखेरीस ‘कॉम’चे नियमित प्रकाशन थांबले. मंडळे राहिली, पण त्यांना जोडणारी जागा गेली. कॉमिकेटच्या जन्मामागची खरी गरज ही होती. चित्रे काढणारे होते, वाचणारे होते, आणि दोघांना समोरासमोर आणणारे ठिकाण मात्र उरले नव्हते.

स्थापना

१९७५ मध्ये मांगा संमेलनाच्या कारभारावर टीका करणाऱ्या एका तरुणीला आयोजकांनी सहभाग नाकारला. ‘मेइक्यू’ या समीक्षक मंडळाने या निर्णयाविरुद्ध आवाज उठवला. हारादा तेरुओ, आनिवा जुन आणि योनेझावा योशिहिरो ही त्यातली प्रमुख नावे. निषेधाचे पत्रक काढून ही मंडळी गप्प बसली असती, तर आज त्यांची आठवण कोणाला नसती. त्यांनी काही महिन्यांतच स्वतःचा मेळावा उभा केला आणि त्याची रचना नाकारल्या गेलेल्या माणसाच्या बाजूने केली. मान्यवर पाहुण्यांची भाषणे गाळली, पुस्तिकांची देवघेव मध्यभागी आणली आणि कोणी यावे हे ठरवण्याचा अधिकार आयोजकांनी स्वतःकडे ठेवला नाही. पहिल्या मेळाव्याला कोण आले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. आलेल्यांत मोठी बहुसंख्या शाळकरी वयाच्या मुलींची होती. त्या शोजो मांगाच्या, म्हणजे मुलींसाठीच्या चित्रकथांच्या, विशेषतः हागिओ मोतो यांच्या चाहत्या होत्या. त्याच वर्षी हागिओ यांची ‘जूइचिनिन इरु!’ ही अंतराळयानावर घडणारी विज्ञानकथा प्रसिद्ध झाली होती. पुरुषांच्या विज्ञानकथा-मंडळांत किंवा मांगा-समीक्षेच्या बैठकांत ज्यांना फारसे कोणी विचारत नव्हते, त्या मुलींना इथे कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही. दार उघडे ठेवण्याचा निर्णय नुसता तात्त्विक नव्हता, याचा हा पहिला पुरावा. दार उघडताच आत आलेले लोक आयोजकांसारखे दिसणारे नव्हते, आणि आयोजकांनी त्यांच्यासाठी जागा केली.

रचना आणि रीत

तत्त्व कागदावर लिहिणे सोपे असते. ते मेजाच्या मापात, अर्जाच्या पद्धतीत आणि रांगेच्या शिस्तीत उतरते तेव्हाच संस्था घडते. कॉमिकेटमध्ये प्रत्येक मंडळाला सारखीच जागा मिळते: एका लांब मेजाचा अर्धा भाग, म्हणजे साधारण ९० सेंटिमीटर लांबी. पहिल्यांदाच चार पानांची पुस्तिका घेऊन आलेल्या विद्यार्थ्यालाही तेवढीच आणि ज्याच्यासमोर हजारोंची रांग लागते त्या नामवंत चित्रकारालाही तेवढीच. नामवंतांची मेजे बहुधा भिंतीलगत लावतात, कारण त्यांच्या रांगा दाराबाहेर वळवता येतात. मांडणी ठरते ती वाहतुकीच्या सोयीने. अर्ज जागांपेक्षा जास्त येतात तेव्हा सोडत काढली जाते. सोडतीनेही लोक वगळले जातातच, मग दार उघडे कसे, असे कोणी विचारील. पण सोडत कामाच्या दर्जावर निकाल देत नाही. निवड समिती नेमली असती, तर दहा वर्षांत त्या समितीच्या आवडीनिवडीची एक शैली तयार झाली असती आणि नवखे लोक त्या शैलीत बसेल असे काम करू लागले असते. ज्याचा नंबर लागला नाही, त्याच्या कामाला कोणी कमी लेखलेले नसते. पुढच्या खेपेला तो पुन्हा अर्ज करतो.

संस्थेचे कामकाज पाहणारे लोकही सहभागीच मानले जातात. काही हजार स्वयंसेवक मानधनाशिवाय रांगा लावतात, मेजे मांडतात, हरवलेल्या वस्तू सांभाळतात, उन्हाळ्याच्या खेपेत चक्कर आलेल्यांना मदत करतात. मंडळे, नुसते वाचायला व विकत घ्यायला येणारे लोक आणि स्वयंसेवक हे तीन वर्ग कामाने वेगळे आणि दर्जाने समान आहेत. येणाऱ्याकडूनही काही अपेक्षा असतात. आदल्या रात्रीपासून रांग लावायची नाही, सभागृहात धावायचे नाही, कॉस्प्लेचा, म्हणजे आवडत्या पात्राचा, पोशाख घरून घालून यायचे नाही, तो तिथल्या खोलीत बदलायचा. सरावलेले लोक सुटी नाणी आणि हजार येनच्या नोटा जमवून आणतात, कारण मेजामागे बसलेल्याकडे गल्ला नसतो. सकाळी मेळावा सुरू झाल्याची आणि दुपारी संपल्याची घोषणा होते, तेव्हा सगळे सभागृह टाळ्या वाजवते. दुकान उघडल्यावर गिऱ्हाईक टाळ्या वाजवत नाही. आपण मिळून काही पार पाडतो आहोत असे वाटणाऱ्यांनाच ते सुचते.

योनेझावा आणि जागेचा प्रश्न

पहिले प्रमुख हारादा यांच्यानंतर १९८० मध्ये योनेझावा योशिहिरो यांनी सूत्रे घेतली आणि २००६ पर्यंत, म्हणजे पाव शतकाहून अधिक काळ, ती सांभाळली. १९५३ मध्ये कुमामोतोत जन्मलेले योनेझावा मांगाचे समीक्षक आणि इतिहासकार होते. युद्धोत्तर शोजो मांगाचा इतिहास त्यांनी अशा काळात लिहिला, जेव्हा मुलींसाठीच्या चित्रकथांकडे अभ्यासाचा विषय म्हणून फारसे कोणी पाहत नव्हते. त्यांच्या कारकिर्दीची सुरुवात वादळी होती. यामातो आणि गुंदाम या अंतराळ-ॲनिमेंनी सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात चाहत्यांची नवी पिढी घडवली होती. गर्दी वाढत होती, छोटी सभागृहे अपुरी पडत होती, आणि १९८१ मध्ये कार्यकर्त्यांतच फूट पडली. काही जण बाजूला होऊन वेगळा मेळावा भरवू लागले. योनेझावांनी १९८१च्या अखेरीस कॉमिकेट हारुमीच्या व्यापार-प्रदर्शन केंद्रात नेले. पुढे ‘कॅप्टन त्सुबासा’ या फुटबॉलवरच्या मालिकेच्या चाहत्या तरुणींनी मंडळांची संख्या झपाट्याने वाढवली. सुरुवातीला वर्षातून तीनदा भरणारा मेळावा उन्हाळा आणि हिवाळा अशा दोन खेपांवर स्थिरावला. १९८९च्या हिवाळ्यात तो चिबामधल्या नव्या माकुहारी मेस्से संकुलात गेला, १९९१ मध्ये पुन्हा हारुमीला परतावे लागले आणि १९९६च्या उन्हाळ्यात, ५०व्या खेपेला, टोकियो बिग साइटमध्ये आला. आजही तो तिथेच भरतो.

जागा बदलण्याचा हा क्रम म्हणजे एकाच प्रश्नाला पुन्हा पुन्हा दिलेले उत्तर आहे. दरवेळी सोपा मार्ग समोर होता: प्रवेशसंख्या मर्यादित ठेवावी, चांगली मंडळे निवडावीत, मेळावा आटोपशीर करावा. संस्थेने दरवेळी मोठी जागा शोधण्याचा अवघड मार्ग धरला. या वाढीवरचा आक्षेप गंभीर आहे. इतक्या गर्दीत संवाद कसला, असे म्हटले जाते, आणि आटोपशीर मेळाव्यांत चित्रकार आणि वाचक निवांत बोलू शकतात हे खरेही आहे. केवळ स्वतंत्र निर्मितीसाठी असलेला ‘कोमितिया’ हा मेळावा १९८४ पासून भरतो आहे. एखाद्याच मालिकेला किंवा विषयाला वाहिलेले छोटे मेळावेही जपानभर भरतात. पण हे मेळावे कॉमिकेटला पर्याय म्हणून उभे राहिले असले, तरी दोजिन्शीला वाचक, खास छापखाने आणि विक्रीची सवय मिळाली ती मुख्यतः या मोठ्या मेळाव्यामुळे. ज्यांना निवड करायची आहे त्यांना ती करता यावी, यासाठी निवड न करणारे एक ठिकाण असावे लागते.

आक्षेपांची कसोटी

उघड्या दाराची खरी किंमत १९८९ ते १९९१ या काळात मोजावी लागली. लहान मुलींच्या हत्यांच्या प्रकरणात पकडलेल्या एका तरुणाच्या खोलीत व्हिडिओ कॅसेटी आणि मांगा सापडले. वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणीने मांगा-ॲनिमेच्या सगळ्याच चाहत्यांकडे संशयाने बोट दाखवले. पाठोपाठ मुलांना हानिकारक ठरणाऱ्या चित्रकथांविरुद्ध मोहीम उभी राहिली, १९९१ मध्ये दोजिन्शी विकणाऱ्या दुकानांवर अश्लीलतेच्या कायद्याखाली कारवाई झाली आणि माकुहारी मेस्सेने जागा नाकारली. जिथे पूर्वपरीक्षण नाही तिथे वाटेल ते खपते, हा आक्षेप तेव्हा जोरात मांडला गेला. तो निव्वळ पूर्वग्रह म्हणून झटकता येणार नाही. मेळाव्यात लैंगिक चित्रण असलेल्या पुस्तिका होत्या आणि आजही असतात. संस्थेने त्यावर काय केले, हे पाहिले पाहिजे. तिने विषयांवर बंदी घातली नाही आणि कायद्याकडे डोळेझाकही केली नाही. प्रत्येक मंडळाने नव्या पुस्तिकेची एक नमुना-प्रत त्या दिवशी सकाळी कार्यकर्त्यांकडे द्यायची, ही पद्धत अधिक कसोशीने राबवली गेली. कायद्याची मर्यादा ओलांडणारी पुस्तिका त्या दिवशी विकता येत नाही. तपासणी आहे, ती कायद्यापुरती. कलेची, अभिरुचीची किंवा विचारांची तपासणी नाही. हे उत्तर सगळ्यांचे समाधान करणार नाही आणि जपानमध्ये या विषयावरचा वाद संपलेलाही नाही. पण आपल्या आवडीनुसार छाटणी करण्याचा मोह संस्थेने त्या भयाच्या काळातही आवरला, हे नोंदवले पाहिजे. तसे झाले असते, तर १९७५ मध्ये ज्या अन्यायाविरुद्ध ती उभी राहिली, तोच अन्याय तिच्या हातून घडला असता.

दुसरा आक्षेप उसन्या कल्पनांचा. विक्रीला येणाऱ्या पुस्तिकांपैकी फार मोठा वाटा प्रसिद्ध मांगा, ॲनिमे आणि खेळांतल्या पात्रांवर बेतलेला असतो. मग हे दुसऱ्याच्या कष्टावर जगणे नव्हे काय? कायद्याच्या अंगाने प्रश्न खरा आहे. १९९९ मध्ये एका लोकप्रिय खेळातल्या पात्रांवर दोजिन्शी काढणाऱ्या चित्रकर्तीला मूळ हक्कधारकांच्या तक्रारीवरून अटक झाली होती. जपानी कायद्यात असा गुन्हा मुख्यतः हक्कधारकाच्या तक्रारीवर अवलंबून असतो, आणि बहुतेक प्रकाशक मर्यादेत राहणाऱ्या चाहत्यांविरुद्ध तक्रार करत नाहीत. डिसेंबर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या निमित्ताने कायदा कडक झाला. तेव्हा तक्रारीविना खटला भरण्याची मुभा मूळ कृती जशीच्या तशी छापून नफा कमावणाऱ्यांपुरती ठेवली गेली आणि दोजिन्शीतली नवी रचना त्याबाहेर राहिली. कायदा करणाऱ्यांनीही नक्कल आणि नवनिर्मिती यांत फरक केला, याला महत्त्व आहे. अनुभवही हेच सांगतो. आवडत्या पात्रांच्या कथा रचता रचता माणसे चित्रे काढायला, संवाद लिहायला, पानांची मांडणी करायला शिकतात. योशिनागा फुमी यांनी लोकप्रिय मालिकांवर दोजिन्शी काढल्या होत्या. पुढे त्यांनी ‘ओओकु’ लिहिली. त्या मालिकेत रोगाने पुरुषांची संख्या घटलेल्या जपानमध्ये शोगुनपद स्त्रियांकडे येते. तिला २००९ मध्ये तेझुका ओसामु सांस्कृतिक पुरस्कार आणि लिंगभावाचा शोध घेणाऱ्या विज्ञानकथांसाठीचा जेम्स टिप्ट्री पुरस्कार मिळाला, आणि पुढे जपानचा विज्ञानकथा महापुरस्कारही. ‘क्लॅम्प’ हा चित्रकर्तींचा गटही दोजिन्शी मंडळातूनच पुढे आला. डिसेंबर २००० मध्ये ‘टाइप-मून’ मंडळाने ‘त्सुकिहिमे’ आणि ऑगस्ट २००२ मध्ये ‘सेव्हन्थ एक्सपान्शन’ मंडळाने ‘हिगुराशी’ची पहिली कथा कॉमिकेटच्या मेजावरच मांडली. या दोन्ही कृतींतली पात्रे आणि कथा त्यांच्या स्वतःच्या होत्या.

तिसरा आक्षेप सगळ्यांत आतला आहे. सहभागाची भाषा गोड असली, तरी बहुसंख्य लोक खरेदीलाच येतात, पुष्कळ जण पिशव्या भरून पुन्हा चढ्या भावाने विकतात, कंपन्यांची दालने १९९६ पासून वेगळी मांडली जातात आणि हजारो स्वयंसेवक फुकट राबतात. मग गिऱ्हाईक नसलेला मेळावा ही कल्पना आता केवळ सजावट उरली आहे काय? यातला एकेक मुद्दा खरा आहे. तरीही त्यांतून निघणारा निष्कर्ष बरोबर नाही. कंपन्यांना वेगळी जागा दिल्यामुळे मंडळांच्या मेजांवर त्यांचे आक्रमण थांबले. दोन्ही एकाच दालनात मिसळले असते, तर हौशी लोक कोपऱ्यात ढकलले गेले असते. बहुतेक मंडळांना पुस्तिकांतून नफा होत नाही, छपाईचा खर्च भरून निघाला तरी पुष्कळ. पैशासाठी कोणी वर्षातून दोनदा हे करणार नाही. स्वयंसेवकांच्या श्रमाबद्दल मात्र विचार करायला हवा. विनामोबदला काम तेव्हाच न्याय्य असते, जेव्हा ते करणाऱ्यांच्या हाती निर्णय असतात आणि त्यातून दुसऱ्या कोणाची तिजोरी भरत नाही. कॉमिकेट चालवणारे लोक स्वयंसेवकांतूनच वर आले आहेत. २००६ मध्ये योनेझावांचे निधन झाल्यावर बाहेरचा व्यवस्थापक नेमला गेला नाही, मेळाव्यातच वाढलेल्या तिघांनी प्रमुखपद मिळून घेतले. हे सूत्र सुटले, तर आक्षेप खरा ठरेल. आजवर ते सुटलेले नाही. राहता राहिला फक्त विकत घेणारा. तोही त्याच नियमांत बांधलेला असतो, आणि आज रांगेत उभा असलेला उद्या मेजामागे बसू शकतो. मधे कोणतीही परीक्षा नाही. आज मेजामागे असलेल्यांपैकी बहुतेक जण कधीतरी रांगेत उभे होते.

दार बंद करावे लागले तेव्हा

तत्त्वाला बाहेरून धक्के बसले, तेव्हा संस्थेने काय केले? २०१२ मध्ये ‘कुरोको’ या बास्केटबॉलवरच्या मालिकेशी संबंधित कार्यक्रमांना धमक्यांची पत्रे येऊ लागली. त्या वर्षीच्या हिवाळ्यात कॉमिकेटने त्या मालिकेवरच्या मंडळांना सहभागी न होण्यास सांगितले. शेकडो मंडळांवर हा अन्याय होता. लाखो लोकांच्या सुरक्षिततेसमोर तत्त्वाला माघार घ्यावी लागली. पण ही माघार धोरण झाली नाही, पुढच्या काळात त्या मंडळांना त्यांची जागा परत मिळाली आणि डिसेंबर २०१३ मध्ये धमक्या देणाऱ्याला अटक झाली. त्याहून मोठा आघात महासाथीचा. ऑलिंपिकमुळे २०२०ची उन्हाळी खेप मे महिन्यात घेण्याचे ठरले होते. ती रद्द झाली, आणि पंचेचाळीस वर्षांत मेळावा रद्द होण्याची ही पहिलीच वेळ. डिसेंबर २०२१ मध्ये तो परत भरला तेव्हा दोन दिवसांत मिळून १ लाख १० हजार लोकांनाच प्रवेश देता आला. ऑगस्ट २०२२च्या १००व्या खेपेला ही संख्या १ लाख ७० हजार झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये दोन दिवसांत ३ लाखांवर गेली. एकेकाळी मोफत असलेला प्रवेश आता विकतच्या तिकिटाने मिळतो. उघड्या दाराला ही मुरड आहे, हे मान्य केले पाहिजे. तरीही महासाथीने एका प्रश्नाचा निकाल लावला. चित्रे इंटरनेटवर पाहता येतात, डिजिटल पुस्तिका घरबसल्या विकत घेता येतात, मग सभागृहात जमायचे कशाला, असे अनेकांना वाटत होते. त्या दीड-दोन वर्षांत ही सगळी साधने हाताशी असूनही लोक परत आले. अनोळखी वाचक समोर उभा राहून आपली पुस्तिका उघडतो, दोन पाने वाचतो आणि ती घेतो किंवा ठेवून पुढे जातो, हा अनुभव पडद्यावर मिळत नाही. नवख्या लेखकाला यातूनच आपण लेखक असल्याची पहिली जाणीव होते.

मागे उरलेले

पन्नास वर्षांच्या कामातून उरलेली एक ठोस गोष्ट म्हणजे संग्रह. तपासणीसाठी घेतलेल्या नमुना-प्रती संस्थेने फेकल्या नाहीत, जपल्या. योनेझावांचा प्रचंड ग्रंथसंग्रह ते जिथे शिकले त्या मेइजी विद्यापीठाकडे गेला आणि ऑक्टोबर २००९ मध्ये तिथे त्यांच्या नावाने मांगा व उपसंस्कृतीचे ग्रंथालय सुरू झाले. कॉमिकेटच्या नमुना-प्रतींशीही या ग्रंथालयाचे नाते आहे. ज्या पुस्तिकांच्या पन्नास प्रतीही निघाल्या नव्हत्या, ज्यांच्या लेखकांनी पुढे दुसरे काही लिहिले नाही, त्यांचीही प्रत कुठेतरी जपलेली आहे. दर्जा पाहून निवड केली असती, तर हा ऐवज उरला नसता. एखाद्या काळातली सामान्य तरुण मुले-मुली काय वाचत होती, कशाची स्वप्ने पाहत होती, कोणत्या पात्रांवर जीव लावत होती, हे गाजलेल्या ग्रंथांपेक्षा अशा संग्रहातून अधिक कळते. उघड्या दाराचा हा फायदा संस्थापकांच्याही मनात कदाचित नसेल, पण तो त्यांच्याच निर्णयातून आलेला आहे.

मराठी वाचकाशी या इतिहासाचे नाते जोडायला फार दूर जावे लागत नाही. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांच्या स्पर्धा भरवल्या. कॉमिकेटच्या आदल्याच वर्षी, १९७४ मध्ये, जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने तिथे पाठवली आणि तिला पहिला पुरस्कार मिळाला. जगन्मान्य शास्त्रज्ञाने नाव झाकून नवख्यांच्या रांगेत उभे राहावे आणि परीक्षकांनी नाव न पाहता कथा वाचावी, यातला न्याय कॉमिकेटच्या सारख्या मापाच्या मेजांत आहे तोच आहे. आज मुंबईसारख्या शहरांत कॉमिक कॉन भरतात, आवडत्या पात्रांचे पोशाख शिवून तरुण मुले-मुली तिथे जातात, ॲनिमे पाहणाऱ्यांची मंडळे महाविद्यालयांत तयार होतात. उत्साह कमी नाही. पण या मेळाव्यांत मध्यभागी असतात कंपन्यांची दालने आणि मंचावरचे पाहुणे. स्वतः चित्रे काढणाऱ्या, मराठीत कथा लिहिणाऱ्या मुलांना परवडेल असे मेज क्वचितच मिळते.

म्हणून हा इतिहास वाचणाऱ्या संयोजकांना, महाविद्यालयीन मंडळांना आणि ग्रंथालयांना एक विनंती. मोठे संकुल, परदेशी पाहुणे, प्रायोजक यांची वाट पाहू नका. कॉमिकेटची सुरुवात एका दालनात, ३२ मंडळांनी झाली. एखादे सभागृह एका रविवारासाठी घ्या, सगळी मेजे एकाच मापाची लावा, निवड समिती नेमू नका, जागा कमी पडली तर सोडत काढा, आणि येणाऱ्या प्रत्येक पुस्तिकेची एक प्रत जपून ठेवा. पहिल्या वर्षी पुस्तिका कच्च्या असतील, काही उसन्या पात्रांवर बेतलेल्या असतील, काही वाचवणारही नाहीत. त्यांनाही जागा द्या. कोणत्या मेजामागे उद्याचा लेखक बसला आहे हे आधी ओळखण्याची कला कोणत्याही संयोजकाकडे नसते.